पाव मार्क

शिक्षणशास्त्र विभागात सरांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं आणि हजेरीपटात होतं. बाकी सगळीकडे ते 'पाव मार्क' होते. बावीस वर्षांत त्यांनी कुणाला पैकीच्या पैकी गुण दिले नव्हते. उत्तर कितीही चोख असो, सर पाव मार्क कापणारच. दहापैकी पावणेदहा. एकदा एका मुलीनं रडकुंडीला येऊन विचारलं होतं, "सर, पण चुकलं काय?" सर म्हणाले, "चुकलं काहीच नाही. पूर्ण दिले की माणूस तिथंच थांबतो." ती मुलगी आता कुठल्याशा शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि म्हणे तीही पाव मार्क कापते. हा रोग असा पसरतो.

सरांचा विषय मूल्यमापन. म्हणजे उद्या जे शिक्षक होणार त्यांना परीक्षा घ्यायला शिकवायचं, आणि ते शिकले की नाही याची परत परीक्षा घ्यायची. पहिल्या तासाला सर फळ्यावर दोनच ओळी लिहीत. निकष आधी ठरवा, मग मोजा. आणि जे मोजायचंय तेच मोजताय ना, हे तपासा. मग खडू खाली ठेवून हात झटकत. या दोन ओळींवर ते पुढचे पाच महिने काढत, आणि बरे काढत. शिकवायला ते वाईट नव्हतेच. फक्त गेलं वर्षभर ते शिकवत असताना स्वतः तिथं नसत. तोंड चालू असे, हात फळ्यावर चालत, मुलं हसायच्या ठिकाणी हसत, आणि सर खिडकीबाहेर सायकली लावायच्या छपराकडे बघत असत.

सत्र संपताना विभाग प्रत्येक शिक्षकाकडून दोन पानांचं आत्मपरीक्षण लिहून घेई. छापील प्रश्न असत. चौथा प्रश्न होता, 'या सत्रातील आपल्या अध्यापनात व मूल्यमापनात काय चुकले, असे आपणांस वाटते?' जगाला आत्मपरीक्षण शिकवणाऱ्या त्या इमारतीत हा प्रश्न कुणी मनावर घेत नसे. सर पाच वर्षं तेच दोन कागद तारीख बदलून देत होते. चौथ्या प्रश्नापुढे लिहिलेलं असे, 'उत्तरपत्रिका परत देण्यास चार दिवस उशीर झाला.' तेवढा उशीरसुद्धा त्यांच्याकडून कधी झालेला नव्हता.

सरांचं लग्न राहून गेलं होतं. घरात ते आणि त्यांचे वडील, दोघंच. वडिलांना सगळे नाना म्हणत. नाना पोस्टमन होते. अडतीस वर्षं पत्रं वाटली. कुठल्या जिन्याची कितवी पायरी तुटकी आहे आणि कुठल्या घरातली म्हातारी पत्र वाचून दाखवल्याशिवाय सोडत नाही, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. वर्षभरापूर्वी एका दुपारी नाना स्वतःच्याच इमारतीखाली, पत्रांच्या पेट्यांसमोर सापडले. एकेक नाव वाचत उभे होते. आपलं घर यांतलं कुठलं, ते त्यांना कळत नव्हतं. शेजाऱ्यांनी वर आणून सोडलं तेव्हा त्यांनी त्यांचे आभार मानले आणि सही कुठं करू म्हणून विचारलं.

डॉक्टरांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. त्यांच्याकडे स्मरणाची एक चाचणी होती, एका कागदावर मावणारी, तीस गुणांची. आज वार कोणता, तारीख कोणती. आपण कुठल्या गावात आहोत, कुठल्या रस्त्यावर, कितव्या मजल्यावर. तीन शब्द सांगतो ते लक्षात ठेवा: चावी, होडी, गुलाब. शंभरातून सात वजा करत चला. एक वाक्य लिहा. दुसरा कुणी मुलगा असता तर वडिलांच्या तोंडाकडे बघत बसला असता. सर प्रश्नपत्रिकेकडे बघत होते. ठिकाणाला पाच गुण म्हणजे पोस्टमनला फुकटचे, असं त्यांच्या मनात आलं. आणि नानांनी खरंच गाव, रस्ता, इमारत, मजला, सगळं धडाधड सांगून वर पिनकोडही सांगितला. वाक्य लिहिलं, 'आपले पत्र मिळाले, वाचून आनंद झाला.' तीसपैकी अठरा पडले. दर तीन महिन्यांनी पुन्हा घेऊ, डॉक्टर म्हणाले.

सरांची थोरली बहीण, ताई, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असायची. तिनं एक केंद्र बघून ठेवलं होतं. अशाच माणसांसाठी होतं. खोल्या स्वच्छ, खिडक्या मोठ्या, दारं बाहेरून बंद होणारी.

"एक खोली आपल्यासाठी धरून ठेवतील काही महिने," ती म्हणाली. "तू कॉलेजात असताना हे बाहेर गेले तर? मावशी एकटी काय काय बघणार?" मावशी म्हणजे दिवसभर नानांजवळ थांबणारी बाई.

"निकष ठरवू," सर म्हणाले. "दहाच्या खाली आले की केंद्र. दहा किंवा वर असले की घरी."

"स्वतःच्या बापाला पास-नापास करणार तू?"

"मग कशावर ठरवायचं? एक दिवस तुला दया येते, दुसऱ्या दिवशी मला कंटाळा येतो. आकडा तरी रोज तोच राहतो."

"बरं," ताई म्हणाली, "पण मग आकडा येईल तो येईल. मागाहून तोंड फिरवायचं नाही." सरांनी मान डोलावली. बावीस वर्षं ते मुलांना हेच सांगत आले होते.

पुढच्या वेळी चौदा आले. त्यापुढच्या वेळी अकरा.

अकरा आले त्या दिवशी नानांना घरी सोडून सर तडक तासाला गेले. विषय होता घोकंपट्टी. पेपर समोर ठेवून शिकवलेला विद्यार्थी पेपर सोडवतो, पण विषय त्याला येतोच असं नाही. अशा गुणांना काडीची किंमत नाही, हे त्यांनी उदाहरणांसह सांगितलं. मुलांनी उतरवून घेतलं. वडिलांचे आणखी दोन गुण गेले की वडील घरातून जाणार, हे सरांना कळत होतं. पण वाटत काहीच नव्हतं. सुई टोचायच्या आधी जागा बधिर करतात, तशी कुणी तरी त्यांची सगळी छातीच बधिर करून ठेवली होती. दुखत नव्हतं, म्हणून कुणाला सांगायचंही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांची दाढी करताना सर सहज म्हणाले, "नाना, माझ्यामागून म्हणा. चावी, होडी, गुलाब."

"चावी, होडी, गुलाब," नाना साबणाच्या फेसातून म्हणाले.

इतकं सोपं होतं ते. डॉक्टर दर वेळी तोच कागद काढत. तेच तीन शब्द, तोच शंभराचा आकडा. चाचणी म्हणून हा ढिसाळपणाच होता, आणि सरांच्या तो दुसऱ्याच वेळी ध्यानात आला होता. आता ते रोज सकाळी आणि कॉलेजातून आल्यावर वीस-वीस मिनिटं शिकवणी घेऊ लागले. शिक्षणशास्त्रात जे जे चांगलं सांगितलंय ते सगळं त्यांनी वापरलं. पाठाचे लहान लहान तुकडे केले. कालचं आज पुन्हा विचारलं. बरोबर आलं की "शाबास" म्हटलं. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट हा पाढा करून टाकला. ठिकाणाच्या प्रश्नांत नाना आता चुकत होते, तर तीही उत्तरं क्रमानं घोकून घेतली. वाक्याची कॉपी करून घेतली. नाना टेबलाशी ताठ बसत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. हे घरात कुणाला सांगायचं नाही असं त्यांना बजावण्याची गरजच नव्हती. त्यांच्या ते लक्षातच राहिलं नसतं.

तीन महिन्यांनी नानांना एकोणीस पडले.

"कमाल आहे!" डॉक्टर म्हणाले. "असं सहसा होत नाही हो. काय केलंत?"

"थोडा सराव घेतला," सर म्हणाले. हे खोटं नव्हतं.

ताई फोनवर रडली. "घरच्या माणसांत राहिलं की फरक पडतोच," ती म्हणाली, "मीच मेली घाई करत होते." त्याच आठवड्यात तिनं केंद्राला कळवून धरलेली खोली सोडून दिली. डॉक्टरांनी पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची दिली. सगळं सरांच्या मनासारखं झालं, आणि मनाला त्याचा पत्ता नव्हता. शिकवणी मात्र त्यांनी सोडली नाही, नाना विसरून गेले असते.

एकदा संध्याकाळी मावशी निघताना दारात घुटमळली. "सर, एक विचारू? नाना तुम्हाला भितात का हो?"

"मला? का?"

"तुम्ही यायची वेळ झाली की हातपाय धुऊन टेबलाशी बसतात. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावतात. मी म्हटलं, अहो घरातच तर आहात. तर म्हणाले, परीक्षा आहे."

"गंमत करत असतील," सर म्हणाले. नाना हल्ली त्यांना अहो-जाहो करायला लागले होते, तीही त्यांना गंमतच वाटली होती.

सत्राचा शेवट आला. या विषयाला सर एकच मोठा लेख लिहायला लावत: कुठलीही एक चाचणी निवडा आणि ती काय मोजत नाही ते लिहा. छत्तीस लेख आले होते. सर विभागातल्या आपल्या खोलीत ते तपासत बसले होते. निकषांचा तक्ता डाव्या हाताला, लाल पेन उजव्या हाताला. एकतीस झाले. बत्तिसावा शेवटच्या बाकावरच्या नर्सबाईंचा होता. पंचेचाळिशीच्या होत्या, रुग्णालयात वीस वर्षं काढली होती, आणि आता नर्सिंगच्या मुलींना शिकवता यावं म्हणून हा कोर्स करत होत्या. वर्गात कधी तोंड उघडत नसत. त्यांनी निवडली होती तीस गुणांची स्मरणाची चाचणी.

सरांनी लेख सरळ तपासायला घेतला. मांडणी बरी, वाक्यं तुटक, दोन गुण कमी. मग दुसऱ्या पानावर बाईंनी लिहिलं होतं, 'या चाचणीचा पेपर बदलत नाही, म्हणून काही घरांत तो पेशंटकडून पाठ करून घेतात. वाईट हेतूने नाही. आपलं माणूस नापास होताना बघवत नाही म्हणून. मग आलेले गुण नातेवाइकांचे असतात, पेशंटचे नसतात. आमच्या वॉर्डात मी कागद बाजूला ठेवून एक प्रश्न विचारते. त्याला चाचणीत गुण नाहीत. तुमच्याबरोबर आज कोण आलंय?'

सरांनी पेनाला टोपण लावलं. राहिलेले चार लेख तसेच ठेवून ते घरी निघाले. भर दुपारी, कधी नव्हे ते.

नाना दुपारपासूनच टेबलाशी बसले होते, गुंडी लावून. सर समोरच्या खुर्चीवर बसले. त्यांनी कागद काढला नाही.

"नाना, मी कोण?"

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं, कागद कुठं दिसतोय का म्हणून. हा प्रश्न त्यांच्याकडून करून घेतलेला नव्हता. त्यांचे ओठ हलायला लागले.

"चावी," ते म्हणाले. "होडी. गुलाब."

"ते बरोबर आहे. पण मी कोण?"

"त्र्याण्णव," नाना घाईघाईनं म्हणाले. "शहाऐंशी, एकोणऐंशी..." आणि सरांचा चेहरा बघून थांबले. "सर, काल येत होतं मला. परत एकदा विचारा ना."

सर उठले आणि त्यांनी नानांना पाणी आणून दिलं. मावशी ओट्याशी उभी राहून ऐकत होती. नानांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि ते तळ दिसेपर्यंत पाणी प्यायले, औषध प्यावं तसं. सरांना वाटलं होतं की आता तरी आत काही तरी तुटेल. तसं काही झालं नाही. त्यांनी पेला विसळून पालथा घातला आणि ताईला फोन लावला.

सगळं ऐकून घेतल्यावर ताई म्हणाली, "म्हणजे ते एकोणीस..."

"माझे होते."

"आणि मी खोली सोडली. दारं उघडी टाकून आपण त्यांना सहा महिने घरात ठेवणार होतो. तुला कळतंय का, तू काय केलंस?"

"कळतंय."

"कळतंय म्हणतोस आणि बोलतोस कसा, बातम्या वाचल्यासारखा!" तिनं फोन आपटला. पाच मिनिटांनी परत तिचाच फोन आला. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मीही येते. आणि हे बघ, तूच सांगायचं. मी नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाताना सर वाटेत विभागात डोकावले, आत्मपरीक्षण द्यायचा शेवटचा दिवस होता. जुने दोन कागद त्यांनी काढले, तारीख बदलली, आणि चौथ्या प्रश्नापुढची ओळ खोडून तिथं लिहिलं, 'एका विद्यार्थ्याकडून पेपर पाठ करून घेतला.' विभागप्रमुखांनी चष्मा वर केला.

"अहो, हे काय लिहिलंय? चौकशी लागेल तुमच्यामागं! कुठला विद्यार्थी?"

"आपल्याकडचा नाही."

"मग कशाला लिहिता?"

"प्रश्न विचारलाय ना," सर म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत त्या प्रश्नाला उत्तर आल्याचं विभागप्रमुखांना आठवत नव्हतं.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "असं आजवर कुणी येऊन सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणाले, आणि त्यांनी खणातून दुसरा कागद काढला. शब्द वेगळे होते. आकडा वेगळा होता. ताई भिंतीशी बसली, सर नानांच्या शेजारी.

"तीन शब्द सांगतो हं, नाना. पंखा, दगड, मांजर. म्हणा."

"चावी, होडी, गुलाब," नाना म्हणाले, आणि शाबासकीसाठी सरांकडे वळले.

सरांनी मान खाली घातली. प्रश्न पुढं सरकत गेले. नानांना वार आला नाही, महिना आला नाही. मजला आला नाही. 'वीसमधून तीन वजा करा' म्हटल्यावर त्यांनी त्र्याण्णव सांगितलं, आणि आपलं चुकतंय हे त्यांना डॉक्टरांच्या पेनावरून कळत होतं. कपाळावर घाम आला. शेवटी डॉक्टरांनी कोरा कागद पुढं केला, एक वाक्य लिहा म्हणून. नानांनी बराच वेळ विचार करून मोठ्या, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पत्ता अपुरा.'

"याला वाक्य म्हणता येत नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. अडतीस वर्षं हा माणूस परत जाणाऱ्या पाकिटांवर एवढंच लिहीत होता आणि ज्याला कळायचं त्याला कळत होतं, यावर सरांना पुष्कळ बोलता आलं असतं. हा त्यांचा विषय होता.

सहा पडले.

ताईनं केंद्राचा नंबर तिथंच फिरवला. खोली नव्हती, पण पंधरा दिवसांत एक होईल असं पलीकडून सांगितलं. "तोवर मी रजा टाकून येते राहायला," ती सरांना म्हणाली, आणि चिठ्ठी घ्यायला आत थांबली. सर नानांना घेऊन बाहेर आले. व्हरांड्यात लोखंडी बाक होता, त्यावर दोघं बसले. नाना गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते. वरची गुंडी घट्ट लावलेली होती, ती सरांनी वाकून सोडली.

"सर," नाना हळूच म्हणाले, "किती पडले?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. घाम अजून वाळला नव्हता. बावीस वर्षांत असे हजारो चेहरे समोर येऊन गेले होते, दाराशी घुटमळणारे, आकडा ऐकायला आलेले. त्यातला एकही सरांनी कधी नीट पाहिला नव्हता. उत्तर बघायचं, माणूस बघायचा नाही.

"पैकीच्या पैकी," सर म्हणाले. "तीसपैकी तीस."

"काय सांगता!" नानांचा चेहरा उजळला. त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला. "एकही नाही कापला?"

"एकही नाही."

नाना खूष होऊन दोनदा मान हलवून हसले. मग काही तरी आठवून जरा सरकून जवळ आले आणि कुणी ऐकत नाही ना ते बघून म्हणाले, "तेवढं लिहून द्याल का, सर? घरी मुलाला दाखवायचंय. तो फार कडक आहे हो. नुसतं सांगून त्याला पटायचं नाही."

सरांनी खिशातून लाल पेन काढलं. अक्षर काही केल्या सरळ येत नव्हतं. "देतो," ते म्हणाले.